ड्राय वेट अठ्ठावन्न

डायलिसिसला गेलं की आधी वजन आणि शेवटी वजन. मधले चार तास मशीनचे. आल्याबरोबर चपला काढून काट्यावर उभं राहायचं, तिथला कामाचा पोरगा आकडा फाइलमध्ये लिहितो, त्यातून 'ड्राय वेट' वजा करतो आणि जो फरक निघेल तेवढं पाणी त्या दिवशी मशीननं काढायचं. ड्राय वेट म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसतानाचं वजन. माझं सुरुवातीला ५८ किलो ठरलं. वर्ष उलटलं तरी ५८च. "काका, तुमचं एकदम स्टेबल आहे," असं मला त्या काळात जो तो सांगत होता आणि मलाही ते ऐकायला बरं वाटत होतं.

माझी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर झाली. भरली गाडी काट्यावर घ्यायची, गव्हाणीत ऊस खाली झाला की रिकामी गाडी पुन्हा काट्यावर, आणि वजाबाकी केली की ऊस. हंगामाच्या गर्दीत रांग हटवायची म्हणून कुणी कुणी रिकाम्या गाडीचं वजन मागच्या खेपेचंच लिहायला बघायचा. ते मी कधी चालू दिलं नाही, कारण मधल्या काळात ट्रॉलीची फळी बदललेली असते, साट्यात चिखल बसलेला असतो. वजाबाकी बरोबर येते आणि हिशोब चुकतो. माझ्या शरीराच्या बाबतीत तेच चाललं होतं. रिकाम्या गाडीचं वजन एकदा लिहिलेलं, आणि गाडी बदलून गेलेली.

बदल दिसत नव्हता असं नाही. पायजम्याची नाडी दोन बोटं जास्त ओढावी लागायची. दाढी करताना गालाची हाडं वस्तऱ्याला लागायची. हाताचं घड्याळ कोपरापर्यंत वर सरकायचं. देवळात सप्त्याच्या पंगतीला मांडी घालून जेवलो आणि उठता येईना. दोघांनी काखेत हात घालून उभं केलं. त्यानंतर मी पंगतीला जायचं टाळलं आणि घरात पोरानं कमोड बसवून घेतला. हे सगळं आम्ही वयाच्या खात्यावर लिहीत होतो. एकाहत्तरावं चालू, त्यात डायलिसिस, माणूस वाळणारच, असं.

त्यात रिपोर्ट चांगले येत होते. क्रिएटिनिन सुरुवातीला ९च्या वर होतं ते साडेसहाच्या आत आलं. युरिया उतरला. फॉस्फरस तर नॉर्मलच्याही खाली. पुण्याच्या मावसभावानं फोनवर सांगितलं, "किडनी परत काम करायला लागली असणार, दुसऱ्या डॉक्टरला दाखव." घरात सगळ्यांच्या मनात ही आशा डोकावून गेली, मी खोटं कशाला बोलू.

क्रिएटिनिनचं गणित मला पुढं डॉक्टरांनी समजावलं ते असं. क्रिएटिनिन हा स्नायूंचा केर. ज्याच्या अंगात स्नायू जास्त, त्याच्याकडं तो जास्त तयार होतो. किडनी चांगली असलेल्या माणसाचं क्रिएटिनिन वाढलं तर किडनी बिघडली असं म्हणायचं. पण ज्याची किडनी बंद पडलीय आणि डायलिसिस तेवढंच चालू आहे, त्याचं क्रिएटिनिन महिन्या-महिन्यानं उतरत गेलं, तर केर कमी निघतोय, म्हणजे ज्यातून निघतो तो स्नायूच कमी होतोय. युरिया आणि फॉस्फरस उतरले ते पोटात काही जात नव्हतं म्हणून. डायलिसिसवरच्या माणसांत कमी क्रिएटिनिनवाल्यांचे हाल जास्त होतात, हे जगभर पाहिलेलं आहे. तीच गोष्ट वजनाची. बाकीच्या लोकांना डॉक्टर वजन उतरवा म्हणतात. डायलिसिसवर मात्र अंगानं भरलेला माणूस वाळलेल्यापेक्षा जास्त तग धरतो.

हे सगळं उघडं पडलं ते थंडीत. रात्री आडवं झालं की धाप लागायची, दोन उशा घेतल्या तरी पुरेना. बीपी गोळ्या वाढवूनही १७०च्या खाली येईना. घोट्याशी बोट दाबलं की खड्डा राहायचा. छातीचा एक्स-रे काढला तर फुप्फुसात पाणी. डॉक्टरांनी फाइल मागं-पुढं चाळली आणि म्हणाले, "काका, तुम्ही ५८चे राहिलाच नाही. त्यातलं तीन-साडेतीन किलो पाणी आहे." मांस जेवढं झिजलं, तेवढं पाणी त्याच्या जागी येऊन बसलं होतं, आणि काटा बिचारा दोन्हींची बेरीज दाखवत होता.

हे जास्तीचं पाणी एका दिवसात ओढून काढता येत नाही. शरीराच्या दर किलोमागं तासाला १३ मिलीच्या पुढं पाणी ओढू नये असा ढोबळ नियम आहे. माझ्या वजनाला चार तासांत पावणेतीन-तीन लिटर ही वरची हद्द. त्याच्या पुढं गेलं की बीपी पडतं, पोटऱ्यांत गोळे येतात, हृदयाला ताण बसतो. म्हणून दर खेपेला दोनशे-तीनशे ग्रॅम करत ड्राय वेट खाली आणत गेले आणि साडेचोपन्नाला थांबले. धाप गेली, बीपी खाली आलं, गोळ्या कमी झाल्या. पण पाणी उतरल्यावर अंग जसं आहे तसं दिसायला लागलं. कानशिलात खळगे, गळ्याची हाडं वर आलेली. आमच्या हिनं पदर डोळ्याला लावला आणि शेजारच्या बायका "डायलिसिसनं माणूस खाल्ला" म्हणून गेल्या. खरं तर जो खंगला होता तो आता नुसता दिसत होता.

डॉक्टरांनी आहारतज्ज्ञ मॅडमना बोलावलं. त्या आठवड्यातून एकदा युनिटला यायच्या, पण तोवर माझी त्यांची गाठ "मीठ कमी, पाणी कमी" एवढ्यावरच होती. या वेळी डायलिसिस संपल्यावर, पाणी काढून झाल्यावर, त्यांनी मोजमापं घेतली. आधी घेतली असती तर सूजही मोजली गेली असती. पोटरीला टेप लावली: ३१ सेंटिमीटर. आशियाई लोकांसाठी २०१९ साली ठरवलेल्या मापांत पुरुषाची पोटरी ३४च्या खाली असली तर स्नायू कमी झाल्याचा संशय धरतात. मग उजव्या हातात एक मुठीचं यंत्र दिलं आणि जोर लावून दाबा म्हणाल्या. डाव्या हातात फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशननं जोडून घेतलेली रक्तवाहिनी; तो हात यात वापरायचा नाही. माझा आकडा १९ किलो आला; पुरुषाला २८ तरी हवेत. शेवटी हाताची घडी घालून खुर्चीवरून पाच वेळा उठायचं होतं, बारा सेकंदांच्या आत. मी तिसऱ्यांदा उठताना हात टेकले, तिथंच त्यांनी थांबवलं. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन ३.१, म्हणजे कमीच होतं. नुसत्या वजनकाट्यानं यातलं काही कळलं नसतं, आणि या सगळ्याला लागली एक टेप, एक खुर्ची आणि ते मुठीचं यंत्र.

मग विचारलं, "खाता काय?" हिनं पर्समधून घडी घातलेला कागद काढला. डायलिसिस लागायच्या आधी, किडनी निम्मी-शिम्मी चालू होती तेव्हाचा तो कागद: प्रथिनं दिवसाला ३५ ग्रॅमच्या आत, डाळ अर्धी वाटी, कडधान्यं-पनीर बंद. मॅडम कागद वाचून म्हणाल्या, "हा तेव्हा बरोबर होता. मशीन लागलं त्या दिवशी हा फाडायला हवा होता." किडनी अजून काम करत असते तेव्हा तिच्यावरचा बोजा कमी करायचा म्हणून प्रथिनं कमी देतात. डायलिसिस चालू झालं की नियम उलटा होतो. २०२०च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत डायलिसिसवरच्या माणसाला किलोमागं १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं सांगितलीत. म्हणजे मला दिवसाला साठ ग्रॅमच्या आसपास. आधीच्या जवळजवळ दुप्पट. युनिटमध्ये इतरांना विचारलं तर निम्म्या घरांत असाच जुना कागद फ्रिजवर चिकटवलेला निघाला.

ही म्हणाली, "मग आता डाळ द्यायची का न्हाई द्यायची, एकदा काय ते सांगा."

एवढी प्रथिनं का, तर मशीन नुसती घाण काढत नाही. रक्त जाळीतून फिरतं तेव्हा युरियाबरोबर अमिनो आम्लंही निसटतात, दर खेपेला साधारण ६ ते १२ ग्रॅम. ती भरून आली नाहीत तर शरीर स्वतःच्या स्नायूतून काढून घेतं. दुसरं म्हणजे रक्तातली आम्लता. किडनी नसली की आम्ल साठतं आणि आम्ल वाढलं की स्नायू मोडायची गती वाढते. रक्तातलं आम्ल मारणारं बायकार्बोनेट माझं १७ होतं, ते २२च्या पुढं न्यायचं म्हणून सोड्याच्या गोळ्या सुरू झाल्या. तिसरं, अंगात कुठं ना कुठं धुमसत असलेली सूज, पाण्याची नव्हे, दाहाची. सुरुवातीचे महिने माझ्या मानेत डायलिसिसची नळी होती, तिला दोनदा संसर्ग झाला, थंडी वाजून ताप आला. अशा तापात आठवडाभर अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याचे स्नायू जे जातात ते परत आणायला महिने लागतात. आणि चौथं, जे कुणी लिहीत नाही ते म्हणजे डायलिसिसचा दिवस. सकाळी सहाची एसटी, म्हणून नाश्ता नाही. मशीनवर एक कप चहा नि दोन बिस्किटं. घरी येईपर्यंत दुपारचे तीन, अंगातला जीव गेलेला, जेवणावर वासना नाही, जे पडायचं ते दिवे लागायला उठायचं. आठवड्यातले ते दिवस म्हणजे बिनबोभाट उपासच.

सगळ्यात आधी तेच दुरुस्त केलं. सूनबाई पहाटे डबा करून देते आणि मी तो एसटीतच खातो, अर्ध्या तिकिटात प्रवास आणि खिडकीशी न्याहारी. मशीनवर पहिल्या तासा-दीड तासात थोडं काहीतरी घेतो, पनीरचे चार तुकडे नाहीतर एक इडली. भरपेट खाऊ नये, कारण खाल्लं की रक्त पोटाकडं धावतं आणि बीपी पडतं. ज्यांचं आधीच पडतं त्यांनी मशीनवर खाऊच नये असं आमच्या युनिटचे डॉक्टर सांगतात. माझं सोसतं म्हणून परवानगी आहे. आणि सुटल्यावर घरी पोचायच्या आत दुसरा छोटा डबा संपवायचा. घरी गेल्यावर झोपेपुढं कुणाचं चालत नाही.

खायचं काय, इथं आमची गाडी अडली. मी निवृत्त झाल्यावर आळंदीला जाऊन माळ घातली. अंडं नाही, मटण-मासळी नाही. मॅडमच्या यादीत पहिलंच होतं अंड्याचं पांढरं: एकात साडेतीन ग्रॅम प्रथिनं आणि फॉस्फरस जवळजवळ शून्य. शेजारच्या बेडवरचे एक गृहस्थ रोज चार पांढरे खातात आणि बलक त्यांचं कुत्रं खातं. ते सांगतात, माझं अल्ब्युमिन वाढायच्या आधी कुत्रंच फुगलं. गावात पुष्कळांनी सुचवलं, माळ उतरवा, पांडुरंग समजून घेईल. तो घेईलही, पण मला नव्हती उतरवायची. मात्र ज्याला चालतं त्यानं अंडं जरूर खावं. इतकं सोपं आणि स्वस्त दुसरं काही मिळत नाही.

मॅडमनी माळेवर एक शब्द काढला नाही. वही घेतली आणि आमच्याच स्वयंपाकघरातून हिशोब बसवला. दिवसभरात दीडशे ग्रॅम पीठ, त्यातले पंधरा-सोळा ग्रॅम. चाळीस ग्रॅम मुगाची डाळ म्हणजे दहा. घरी फाडलेल्या दुधाचं पन्नास ग्रॅम पनीर म्हणजे नऊ. दुधाचा एक कप, सहा. थोडा भात, तीन. आणि पंचवीस ग्रॅम सोया वडी, तेरा. हा कोरड्या वडीचा हिशोब. शिजून ती वाटीभर होते. बेरीज छप्पन्न-सत्तावन्न. डायलिसिसच्या दिवशी वर एक चमचा प्रथिनांची पावडर. पावडरीचं एक सांगून ठेवतो. किडनीच्या पावडरी दोन जातींच्या असतात, एक डायलिसिस न लागलेल्यांसाठी कमी प्रथिनांची आणि दुसरी डायलिसिसवाल्यांसाठी जास्त प्रथिनांची. आमच्या तालुक्याच्या दुकानदारानं "किडनीचाच आहे" म्हणून पहिल्या जातीचा, कमी प्रथिनांचा डबा दिला होता. डब्यावरचं वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि पैसे बरेच द्यावे लागतात.

सोया वडी पहिल्यांदा केली तेव्हा मला रबर चावल्यासारखं वाटलं. ती उकळून, पाणी पिळून टाकून, पुन्हा धुऊन, खिम्यासारखी बारीक करून कांदा-लसणात परतली की जमते. त्या धुण्या-पिळण्यानं तिच्यातलं पोटॅशियमही निघून जातं, जे आम्हाला जास्त चालत नाही. डाळही आता दोन तास भिजवून, ते पाणी ओतून देऊन, नव्या पाण्यात शिजते. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि पाणी फेकायचं. आयुष्यभर "भाजीचं पाणी टाकू नये, त्यातच कस असतो" म्हणणाऱ्या बाईला हे करताना जीवावर येतं, हे मी रोज बघतो.

पाण्याचा हिशोब प्रथिनांच्या आड येतो. मला दिवसाला लघवी होईल तेवढं अधिक अर्धा लिटर, एवढंच पाणी. लघवी आता पेलाभरही होत नाही. आमच्याकडं प्रथिनं म्हणजे आमटी, आणि आमटी म्हणजे पाणी. दोन वाट्या आमटी, ताक, दोन चहा झाले की दिवसाचं पाणी संपलं. म्हणून आता डाळ घट्ट: मुगाचं सुकं वरण, डाळकांदा, आठवड्यातून एखाद्या वेळी कोरडा झुणका. हरभऱ्याच्या पिठात पोटॅशियम बरंच असतं म्हणून तो मोजून. मीठ कमी म्हटल्यावर चव आणायला लसूण, जिरं, मिरी, आमसूल, ओली मिरची. बिनमिठाचा ठेचा वाईट लागत नाही, असं मी स्वतःला सांगत आलोय. शेजाऱ्यांनी प्रेमानं 'लो सोडियम' मिठाचा पुडा आणून दिला होता. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं आणि आमच्यासारख्याच्या हृदयाला ते चालत नाही. सैंधव तर मीठच आहे, त्याला कितीही सात्त्विक म्हणा.

भूक न लागणाऱ्या माणसाला नुसती प्रथिनं ढकलून उपयोग नाही, हे मला नवीन होतं. जळणाला तेल-साखर-पीठ कमी पडलं की शरीर प्रथिनंच जाळतं आणि पनीरचे पैसे चुलीत जातात. मला दिवसाला सोळाशे ते अठराशे कॅलरी हव्या होत्या. मला मधुमेह नाही, किडनी बीपीनं गेली, म्हणून मॅडमनी तूप-साखर मोकळी केली. मधुमेहवाल्यांचा हिशोब निराळा बसतो. गावात सगळे सांगायचे, साखर विष आहे, गूळ खा. गुळात पोटॅशियम भरपूर आणि साखरेत नावापुरतं. तेव्हा आमच्यासाठी साखरच बरी. कारखान्याची भाकरी खाल्लेल्या माणसाला हे ऐकून जो आनंद झाला तो मी लपवला नाही. साबुदाणाही असाच. त्यात प्रथिनं जवळजवळ नाहीत, पण पोटॅशियम-फॉस्फरस कमी आणि जळण भरपूर, म्हणून लापशी करून तुपाबरोबर मधल्या वेळी.

एकादशीचा प्रश्न राहिला होता. उपासाचं पान डायलिसिसवाल्याला नको त्याच वस्तूंचं: बटाटा, रताळं, केळी, खजूर, शेंगदाणे, शहाळं. शहाळ्यानं तर आमच्या युनिटमधल्या एकाचं पोटॅशियम इतकं चढलं की रात्री तातडीनं मशीन लावावं लागलं. आता एकादशीला माझं पान भगर, पनीर आणि घट्ट दही. डायलिसिस आणि एकादशी एका दिवशी आली तर उपास नाही. हे ठरवताना मी कुणाची परवानगी काढली नाही.

फळांत अर्धं सफरचंद, पेरू एखादी फोड. चिपळूणकडची मेहुणी कुंभार्ली घाट चढून आली ती पिशवीभर करमळं घेऊन, ज्यांना कमरख किंवा स्टार फ्रूटही म्हणतात. मी एक खाणार एवढ्यात सूनबाईनं हिसकावलं; युनिटच्या भिंतीवर त्याचं चित्र काढून फुली मारलेली तिनं पाहिली होती. त्या फळातलं विष चांगली किडनी सहज काढून टाकते. आम्हाला ते मेंदूत चढतं: उचक्या लागतात, भ्रम होतो, फिट येते, माणूस दगावूही शकतो.

प्रथिनं वाढली तसा फॉस्फरसही वर गेला, ५.९. मला वाटलं आता पुन्हा पनीर बंद. पण मॅडमनी जेवणाला हात लावला नाही, गोळीची वेळ बदलली. फॉस्फरस बांधून ठेवणारी गोळी मी झोपताना घ्यायचो, पाण्याबरोबर. पोटात अन्नच नाही तर ती बांधणार काय? आता ती जेवणाच्या मधल्या घासाला. आणि पुड्यातलं फरसाण, बेकरीचं, काळं शीतपेय बंद केलं. डाळी-धान्यातला फॉस्फरस शरीर निम्म्याहून कमी शोषतं, कारखान्यात टिकाऊपणासाठी घातलेला मात्र जवळजवळ सगळा. पुढच्या महिन्यात तो पाचच्या आत आला.

दातांचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. अंग वाळलं तसा जबडाही वाळला आणि कवळी ढिली झाली. चावता येत नाही म्हणून मी दूध-भाकरी काला, पेज असलं गिळून दिवस काढत होतो, आणि "भूक नाही" म्हणत होतो. वर एक किडका दात आत पू धरून बसला होता. दाताच्या डॉक्टरांकडं डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी गेलो. डायलिसिसला रक्त पातळ राहायला हेपारिन देतात, म्हणून त्याच दिवशी दात काढत नाहीत. तो दात निघाला, नवी कवळी बसली, आणि त्यानंतर कुठं माझं ताट भरलेलं रिकामं व्हायला लागलं. म्हाताऱ्या पेशंटच्या आहाराचा कागद लिहायच्या आधी त्याचं तोंड उघडून बघावं असं माझं मत आहे.

भूक मरायचं आणखी एक कारण डॉक्टरांनी काढलं. खर्च आणि हेलपाटा वाचावा म्हणून मी आठवड्यातून दोनदाच जात होतो. लघवी बऱ्यापैकी होती तोवर ते भागलं. ती आटली आणि घाण अंगात साठायला लागली. तोंडाला पत्र्यासारखी चव, अन्नाचा वास नको, हे सगळं त्याचंच. आता तीन वेळा जातो. योजनेच्या कार्डावर बसतं म्हणून जमतं. एसटी, डबे आणि सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज मात्र कुठल्या कार्डावर बसत नाही.

नुसतं खाऊन स्नायू येत नाहीत, त्याला काम द्यावं लागतं. फिजिओथेरपीची एक पोरगी युनिटला यायला लागली. तिनं पहिल्या दिवशी खुर्चीखाली दोन उशा ठेवून बैठक उंच केली आणि म्हणाली, "आजोबा, इथून उठा, हात न लावता." उंचावरून जमलं. मग एक उशी काढली. पुढं दोन्ही. घरी भिंतीला धरून टाचा उचलायच्या, दाराच्या कडीला रबराचा पट्टा बांधून उजव्या हातानं ओढायचा. फिस्टुलाच्या हातानं जड उचलायचं नाही. मशीनवरही पाय मोकळेच असतात. पहिल्या दोन तासांत, बीपी टिकून असतं तेव्हा, घोट्याला वाळूची पिशवी बांधून पाय सरळ उचलायचे. जर्मनीत असाच व्यायाम डायलिसिस केंद्रांतच वर्षभर करवून घेतला, २०२३ साली त्याचा निकाल आला. एका मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठता येतं तो आकडा व्यायामवाल्यांचा वाढला. त्यातली माणसं सरासरी साठीच्या पुढचीच होती. त्या पोरीनं हे सांगितलं तेव्हा युनिटमधले आम्ही चौघं-पाच म्हातारे लगेच चढाओढीला लागलो. एकानं तर पिशवीत वाळू जास्त भरून आणली आणि बीपी पाडून घेतलं. त्याला आता तराजू लावून पिशवी दाखवावी लागते.

फरक हळू पडला. पोटरी अजून ३२च्या थोडीच पुढं आहे. मूठ १९वरून २३ झाली, म्हणजे २८ अजून लांबच. अल्ब्युमिन ३.७. क्रिएटिनिन परत सातच्या वर गेलं तेव्हा घरातले घाबरले आणि डॉक्टर खूश झाले. मध्ये पावसाळ्यात खोकला-ताप होऊन पडून राहिलो, तर कमावलेलं निम्मं गेलं. पुन्हा उशीवरून सुरुवात केली. तेव्हापासून आमच्या डॉक्टरांनी एक पद्धत ठेवलीय, कुणीही पेशंट आजारातून उठून आला की त्याचं ड्राय वेट नव्यानं ठरवायचं, आणि दर महिन्याला मुठीचं माप फाइलवर लिहायचं.

परवा शाळेतल्या नातवाच्या कार्यक्रमाला गेलो, तिथं सतरंजीवर बसायचं होतं. बसलो. उठताना एका हातानं पुढच्या खुर्चीचा पाय धरला, पण उठलो माझा मी. या महिन्यापासून पायाच्या पिशव्या अर्ध्या किलोच्या एक किलोच्या केल्यात. डावा गुडघा कुरकुरतो, म्हणून त्याला पाऊण.